मोर्च्यात हव्या, सभेत नकोत

फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की शाळेच्या पुस्तकातले तीन शब्द आठवतात : स्वातंत्र्य, समता, बंधुता. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतही हे शब्द आहेत. त्यातला तिसरा शब्द जरा कान देऊन ऐकला तर तो भावाभावांच्या नात्याचा आहे. मूळ फ्रेंच शब्दही तसाच. मग बहिणींचे काय? हा प्रश्न आज आपल्याला सुचला असे नाही. त्या क्रांतीतल्या बायकांनी तो तेव्हाच विचारला होता. सभांमधून, बाजारातून, छापील पत्रकांतून. आणि त्याचे सरकारी उत्तर त्यांना ३० ऑक्टोबर १७९३ रोजी मिळाले. त्या दिवशी पॅरिसच्या लोकप्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे कन्व्हेन्शनने, ठराव केला : बायकांचे क्लब आणि मंडळे, मग त्यांचे नाव काहीही असो, यापुढे बंद. चारच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, ओलँप द गूज हिला गिलोटिनवर चढवले.

ओलँपचे नाव आपल्याला माहीत असते. ८ मार्चच्या भाषणात, अभ्यासवर्गात ते हटकून येते, आणि यायलाच हवे. पण बंद केलेल्या त्या मंडळाची गोष्ट आपण क्वचितच सांगतो. ती सांगायला अवघड आहे. एक शूर बाई आणि तिला मारणारे पुरुष एवढे सोपे चित्र तिच्यात नाही. बंदी घातली पुरुषांनीच. पण तिचे निमित्त त्यांना बायकांच्याच भांडणाने पुरवले. चळवळीतल्या बाईने डोळे उघडे ठेवून पाहावी अशी ही गोष्ट आहे, म्हणून हा लेख.

भाकरीचा मोर्चा

क्रांती झाली तेव्हा बायका घरात बसून नव्हत्या. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बाजारात पाव मिळेनासा झाला आणि बाजारकरणी, कोळणी, मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या अशा हजारो बाया नगरभवनापाशी जमल्या. तिथून पावसात सुमारे २० किलोमीटर चालत त्या व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या. काहींनी तोफाही ओढत नेल्या. राजाने सुमारे सहा आठवडे अडवून धरलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा त्या रात्री त्याला मान्य करावा लागला. दुसऱ्या दिवशी या बायांनी राजा, राणी आणि राजपुत्राला सोबत घेऊनच पॅरिसची वाट धरली. पाववाला, पाववालीण आणि पाववाल्याचा पोर आणला, असे म्हणत त्या परतल्या. राजसत्ता व्हर्सायमधून उठली ती पुन्हा तिथे गेली नाही.

याचे कौतुक पुढे सगळ्यांनी केले. बाया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या की सर्वांनाच बरे वाटते. आई पोराच्या पोटासाठी रडते आहे, यात कुणाच्या अधिकाराला धक्का लागत नाही. पण या बायांना फक्त भूक होती, राजकारण कळत नव्हते, असे म्हणणे खोटे आहे. फेब्रुवारी १७९३ मध्ये साबण महागला तेव्हा पॅरिसच्या धोबिणी कन्व्हेन्शनपुढे गाऱ्हाणे घेऊन गेल्या. सभेने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पोर दूध मागते तेव्हा आम्ही त्याला परवाची तारीख देत नाही, असे म्हणत त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी वाण्यांच्या दुकानांत गर्दी शिरली. साबण, साखर, मेणबत्त्या उचलल्या आणि बऱ्याच ठिकाणी बायांनी स्वतः ठरवलेल्या ‘रास्त’ भावाने पैसे मोजून दिले. भाव कोणी ठरवायचा, हा प्रश्न राजकारणाचा नाही तर कशाचा?

माणूस म्हणजे कोण?

२६ ऑगस्ट १७८९ च्या जाहीरनाम्यात १७ कलमे आहेत. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, हे त्यातले पहिले सूत्र. पण लगेच नागरिकांचे दोन प्रकार पाडले गेले, सक्रिय आणि निष्क्रिय. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा पुरुष सक्रिय, त्याला मत. गरीब पुरुष, घरगडी आणि सगळ्या बायका निष्क्रिय. त्यांना संरक्षण मिळेल, मत मिळणार नाही. पुढे १७९३ च्या राज्यघटनेने गरीब पुरुषांना मत दिले. बायका होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे गरिबीची अट काढता आली, बाईपणाची नाही.

याला विरोध करणारे पुरुषही होते, हे नोंदवले पाहिजे. गणिती आणि विचारवंत कोंदोर्से याने जुलै १७९० मध्ये बायकांना नागरिकत्वाचे हक्क द्यावेत म्हणून लेख लिहिला. त्याचा मुद्दा साधा होता : हक्क एक तर सगळ्यांना सारखे आहेत, नाही तर कुणालाच नाहीत. बाळंतपण आणि पाळी ही कारणे पुढे करणाऱ्यांना त्याने विचारले की, दर हिवाळ्यात ज्यांना संधिवात धरतो त्या पुरुषांचे हक्क आपण काढून घेतो का? डिसेंबर १७९० मध्ये एटा पाम ही डच बाई पॅरिसच्या सभेत बायकांवर अन्याय करणाऱ्या कायद्यांविरुद्ध बोलली. १७९२ मध्ये ती विधिमंडळापुढे शिक्षण, घटस्फोट आणि समान हक्कांची मागणी घेऊन गेली.

आणि सप्टेंबर १७९१ मध्ये ओलँपने आपला जाहीरनामा छापला. ओलँप माँतोबान गावच्या खाटकाच्या घरात १७४८ साली जन्मली. शिक्षण बेताचे, लग्न कोवळ्या वयात, लवकरच वैधव्य. पुन्हा लग्न न करता ती पॅरिसला आली आणि नाटके लिहू लागली. वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्ध तिचे नाटक १७८९ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले तेव्हा मळेवाल्यांनी गोंधळ घातला. तिने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची १७ कलमे घेतली आणि एकेका कलमात बाई आणली. बाईला फाशीच्या तख्तावर चढता येते, तर भाषणाच्या व्यासपीठावरही चढता आले पाहिजे, हे तिचे दहावे कलम प्रसिद्ध आहे. मला तिचे अकरावे कलम जास्त महत्त्वाचे वाटते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ तिने असा लावला की, आईला आपल्या मुलाच्या बापाचे नाव उघडपणे सांगता आले पाहिजे. ‘विचार मांडण्याचा हक्क’ असे पुरुष म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात वर्तमानपत्र असते. बाईच्या आयुष्यात गप्प बसवण्याची जागा कुठली, हे ओलँपला नेमके ठाऊक होते.

पण हेही सांगितले पाहिजे की ओलँपने हा जाहीरनामा राणीला अर्पण केला. तिला गर्दीची भीती वाटे. राजाला मारू नये, असे ती म्हणाली, आणि देशाने कोणती राज्यपद्धती घ्यावी यावर लोकांचा कौल घ्या, अशी भित्तिपत्रके तिने १७९३ मध्ये काढली. त्याच पत्रकावरून तिला पकडले. तिच्यापाशी धारदार लेखणी होती, पण मागे उभे राहणारे मंडळ नव्हते.

मंडळ

मंडळ दुसऱ्याच बायकांनी काढले. पोलीन लेओं आई-बापाच्या चॉकलेटच्या धंद्यात वाढलेली. मार्च १७९२ मध्ये तिने ३०० हून अधिक बायकांच्या सह्यांचा अर्ज विधिमंडळात वाचला : आम्हाला हत्यारे द्या, आम्ही कवायत करू, शहराचे रक्षण करू. क्लेअर लाकोंब ही गावोगाव फिरणारी नटी. १० ऑगस्ट १७९२ ला राजवाड्यावर हल्ला झाला तेव्हा ती पुढे होती. या दोघींच्या पुढाकाराने १० मे १७९३ ला पॅरिसमध्ये ‘क्रांतिकारी प्रजासत्ताकवादी नागरिक स्त्रियांचे मंडळ’ नोंदले गेले. अध्यक्ष, चिटणीस, नियम, शपथ, सगळे रीतसर. दीडशेच्या वर बाया सभासद होत्या. कष्टकरी आणि छोट्या धंद्यातल्या बायांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अध्यक्षतेखाली राजकारणासाठी काढलेली ही त्या काळातली सर्वांत ठळक संघटना.

त्यांनी मागितले काय? साठेबाजांना शिक्षा, धान्याला कमाल दर, आणि मान्य झालेल्या राज्यघटनेची अंमलबजावणी. बाईच्या मताचा हक्क त्यांच्या मागण्यांत वरच्या जागी नव्हता. मे-जूनमध्ये मवाळ पक्षाला सभेतून घालवताना या बाया पहाऱ्यावर उभ्या राहिल्या, तोवर नव्या सत्ताधाऱ्यांना त्यांची अडचण नव्हती. पण सप्टेंबरात त्या याच सत्ताधाऱ्यांना विचारू लागल्या की, वचने कुठे गेली? तेव्हा क्लेअर लाकोंबवर भर सभेत चिखलफेक सुरू झाली. कालची शूर नागरिक आज भांडखोर बाई ठरली. हा अनुभव आपल्यापैकी अनेकींना नवा नसेल.

बाजारातले भांडण

आता अवघड भाग. क्रांतीचा तिरंगी बिल्ला छातीवर किंवा टोपीवर लावणे हे नागरिक असण्याचे चिन्ह होते. पुरुष लावतात, मग आम्हीही लावणार, अशी या मंडळाची भूमिका होती. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नसावी. पण त्यांनी तो सर्व बायकांना सक्तीचा करा, अशी मागणी धरली. २१ सप्टेंबर १७९३ ला सरकारने तसा कायदाही केला. न लावणारीला तुरुंग.

बाजारकरणी बिथरल्या. ज्या बाजारातल्या बाया चार वर्षांपूर्वी व्हर्सायला चालत गेल्या होत्या, तोच हा बाजार. त्यांचा राग नुसता बिल्ल्याचा नव्हता. कमाल दराचा कायदा सप्टेंबरअखेर आला होता. धान्य विकत घेणाऱ्या बाईला तो हवा होता. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या तो पोटावर येत होता. मोठा व्यापारी माल दडवू शकतो, पाटीवालीला दडवायला जागा नसते. झडती तिच्याच टोपलीची होते. त्यात अफवा : आज बिल्ला, उद्या लाल टोपी, परवा केस कापतील आणि बायांना लढाईवर धाडतील.

२८ ऑक्टोबरला मंडळाची सभा चालू असताना या बाया आत घुसल्या. मारहाण झाली, मंडळाच्या काही सभासद जखमी झाल्या. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या बाजूने बायांचे शिष्टमंडळ कन्व्हेन्शनपुढे गेले आणि बायकांचे क्लबच बंद करा, असे म्हणाले. फाब्र देग्लांतिन या सभासदाला हेच हवे होते. तो म्हणाला, आधी बिल्ला, मग लाल टोपी, मग कमरेला पिस्तुल लावायला या बाया मागेपुढे पाहणार नाहीत. त्या दिवशी कन्व्हेन्शनने ठरवले की कुणीही कुणावर पोशाखाची सक्ती करू नये. आणि तिसऱ्या दिवशी बायकांची मंडळेच बंद केली. पोशाखाचे स्वातंत्र्य मिळाले, सभेचे गेले.

आमार नावाच्या सभासदाने अहवाल मांडला. त्याने दोन प्रश्न विचारले : बायकांनी राजकीय हक्क बजावावेत का? त्यांनी राजकीय मंडळांत जमावे का? दोन्हींचे उत्तर त्याने नाही असे दिले. कारणे आपल्याला पाठ आहेत : शरीर दुबळे, मन हळवे, निसर्गाने दिलेले काम घर आणि मुले, आणि चारचौघांत बोलण्याने लज्जेला बाध येतो. मारहाण एका मंडळाच्या सभेत झाली. बंदी देशभरच्या सगळ्या बायकांच्या मंडळांवर आली. दिजाँ, बेझाँसाँ अशा गावांत बायांची मंडळे होती, त्यांचा या भांडणाशी संबंधही नव्हता. पुरुषांच्या क्लबांत रोज हाणामाऱ्या होत. त्यावरून पुरुषांनी सभा घेऊ नये, असे कुणी म्हटले नाही. शार्लिए या एकाच सभासदाने विचारले की, बाई मनुष्यजातीत मोडते की नाही? मोडत असेल तर शांतपणे जमण्याचा हक्क तिच्याकडून कसा काढता? त्याचे कुणी ऐकले नाही.

नोव्हेंबरात लाल टोप्या घातलेल्या काही बाया पॅरिसच्या नगरसभेत गेल्या तेव्हा शोमेत या अधिकाऱ्याने त्यांना ओलँपचे उदाहरण देऊन दटावले. घरची कामे सोडून राज्यकारभारात शिरलेल्या बाईचे काय झाले ते पाहा, असा त्याचा अर्थ. ओलँप आणि मंडळाच्या बाया जिवंतपणी एका बाजूला कधीच नव्हत्या. सत्तेने मात्र त्यांना एकाच माळेत ओवले.

तीन वाटा

माझे म्हणणे आहे ते हे. १७९३ च्या पॅरिसमध्ये तीन प्रकारच्या बाया होत्या. ओलँपकडे हक्कांची भाषा होती, पण भुकेल्या बायांशी तिची गाठ नव्हती. पोलीन आणि क्लेअर यांच्याकडे संघटना होती, पण बाई म्हणून हक्काचा प्रश्न त्यांनी मागे ठेवला. आधी क्रांती वाचवू, असे त्यांना वाटले. बाजारकरणींकडे संख्या होती, रस्त्यावरची ताकद होती, आणि स्वतःच्या पोटाचा रास्त प्रश्न होता. पण तो ऐकायला कोणतेच मंडळ नव्हते. या तिघींनी एकमेकींना शत्रू मानले. एका आठवड्यात मंडळ गेले आणि ओलँपही गेली. बाजारकरणी जिंकल्या असे त्यांना चार दिवस वाटले असेल. पण १७९५ च्या मे महिन्यात पावासाठी पुन्हा दंगा झाला, आणि नव्या हुकुमाने पॅरिसच्या सगळ्या बायांना घरी जायला सांगितले. रस्त्यावर पाचांहून जास्त बाया जमल्या तर अटक. या हुकुमात बाजारकरणींना सूट नव्हती.

ही फूट क्रांतीच्या आधीही दिसते. जानेवारी १७८९ मध्ये सामान्य घरांतल्या बायकांच्या नावाने राजाकडे एक अर्ज गेला. आम्हाला शिकवा, आमचे शिवण-टिपणाचे धंदे पुरुषांनी बळकावू नयेत, अशा त्यात रास्त मागण्या आहेत. आणि त्याच अर्जात, वेश्यांनी ओळखीची खूण अंगावर बाळगावी, म्हणजे आमची त्यांच्यात गणना होणार नाही, अशीही मागणी आहे. आपल्यासाठी दार उघडायचे आणि दुसरीच्या अंगावर खूण करायची, दोन्ही एकाच कागदावर.

म्हणून पोलीन आणि क्लेअर यांच्याबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की बिल्ल्याची सक्ती ही त्यांची चूक होती. बिल्ला लावण्याचा हक्क मागणे वेगळे आणि तो न लावणारीला तुरुंगात टाकायला सरकारला सांगणे वेगळे. सरकारचा दंडुका आपण दुसऱ्या बाईवर उगारायला लावला की तो आपल्या हाती राहत नाही. पाच आठवड्यांनी तोच दंडुका त्यांच्या दारावर वाजला.

कुणी म्हणेल, मंडळ तरी वाचले असते का? सत्ताधाऱ्यांना ते नको होतेच; बिल्ला नसता तर दुसरे निमित्त सापडले असते. हे खरे आहे. पण बाजार त्यांच्या बाजूला उभा असता तर एवढ्या स्वस्तात, एका दिवसात, एका विरोधी आवाजावर ते बंद करता आले नसते.

नंतरचे दीडशे वर्ष

क्रांतीने बायकांना काहीच दिले नाही असे नाही. १७९२ चा घटस्फोटाचा कायदा नवरा-बायको दोघांना समान होता. वारसाहक्कात मुलींना मुलांबरोबर वाटा मिळाला. पण राखायला संघटना नव्हती. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्याने बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असे लिहून ठेवले, आणि १८१६ मध्ये घटस्फोटच रद्द झाला. तो १८८४ मध्ये परत आला. १८४८ मध्ये पुन्हा क्रांती झाली, सगळ्या पुरुषांना मत मिळाले आणि पुन्हा बायकांना क्लबांतून बाहेर काढले. जान द्रोआँ ही शिवणकाम करणारी शिक्षिका १८४९ च्या निवडणुकीला उभी राहिली. पुढच्या वर्षी कामगारांच्या संघांचा संघ उभारण्याच्या आरोपावरून ती तुरुंगात गेली.

फ्रेंच बाईला मत मिळाले १९४४ मध्ये, आणि तिने ते पहिल्यांदा दिले १९४५ मध्ये. आपल्या मुंबई इलाख्यात मालमत्तेच्या अटीवर का होईना, १९२१ मध्येच बायकांना कायदेमंडळासाठी मत मिळाले होते. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायला आणि बँकेत खाते काढायला फ्रेंच बाईला १९६५ साल उजाडावे लागले. २०१६ मध्ये ओलँपचा अर्धपुतळा तिथल्या संसदभवनात बसला. ज्या व्यासपीठावर चढायचे म्हणून ती झगडली, तिथे पोचायला तिला सव्वादोनशे वर्षे लागली.

या क्रांतीचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. तिची बाजू मांडणारे टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक जोतिराव फुल्यांनी तरुणपणी वाचले आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पण जोतिरावांनी आपले ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिले तेव्हा नुसते ‘मानव’ म्हणून भागवले नाही. ‘स्त्री-पुरुष’ असे ते पुन्हा पुन्हा लिहितात. पॅरिसने जो शब्द गाळला तो पुण्यात भरला गेला. आपण या वारशाच्या लेकी आहोत.

तरी फुटीचा धोका आपल्यालाही टळलेला नाही. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी घातली तेव्हा स्त्रीच्या प्रतिष्ठेचे नाव घेतले. आपल्या काही संघटना बंदीच्या बाजूने गेल्या, काही विरोधात उभ्या राहिल्या, आणि जिची रोजीरोटी जाणार होती तिचे म्हणणे बऱ्याच जणींनी उशिरा ऐकले. ती बंदी न्यायालयात टिकली नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. पण तोवर त्या बायांचे संसार विस्कटले होते.

भांडणे होणारच. विकणारीचे आणि घेणारीचे हित एक नसते. मालकिणीचे आणि मोलकरणीचे तर नसतेच. एकी आहे असे नाटक करून काही साधत नाही. पण हे भांडण आपल्याच सभेत झाले पाहिजे, आणि पाटीवालीला त्या सभेत बसायला जागा पाहिजे. २८ ऑक्टोबरला त्या बाजारकरणी मंडळात दार फोडून आल्या. त्याआधी कधी त्यांना बोलावणे गेले होते का? पुढच्या वेळी आपण सरकारकडे एखादी बंदी, एखादी सक्ती मागायला निवेदन लिहायला बसू, तेव्हा सह्या घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारू या.